मदत हवी आहे : आमच्या ट्रकला किती मोठा फिफ्थ-व्हील ट्रेलर झेपेल?

आम्ही कोलोरॅडोत डेन्व्हरजवळ राहतो. आमच्याकडे पेट्रोल इंजिनाचा, पावणेसात फुटी बेडचा (मागच्या उघड्या हौद्याचा) फोर्ड एफ-२५० ट्रक असून चौघांच्या कुटुंबासाठी फिफ्थ-व्हील ट्रेलर (पुढचा भाग ट्रकच्या बेडमध्ये टेकणारा, राहण्याची सोय असलेला ट्रेलर) घ्यायचा आहे. विक्रेत्याच्या मते ट्रकची ओढण्याची क्षमता पाहता १२,५०० पौंड कमाल वजनाचा ट्रेलर सहज चालेल. परंतु अशा ट्रेलरचा साधारण १५ ते २५ टक्के भार हिचमधून (बेडमध्ये बसवलेल्या जोडणीतून) थेट ट्रकवर येत असल्याने खरी मर्यादा पेलोडचीच, म्हणजे ट्रकवर जास्तीत जास्त किती वजन ठेवता येते याचीच, आहे, असे मला वाटते.

चालकाच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर पेलोड २,९०० पौंड लिहिला आहे. त्यातून हिचचे २०० आणि माणसे व सामान यांचे ७०० पौंड वजा केल्यास २,००० उरतात. म्हणजे २० टक्के धरले, तर पाणी, गॅस आणि सामानासह भरलेला ट्रेलर १०,००० पौंडांवर जाता कामा नये. हा हिशेब बरोबर आहे का? आयसेनहॉवर बोगद्यातून सिल्व्हरथॉर्नकडे जाणाऱ्या ७ टक्क्यांच्या उतारावर, मुले मागे बसलेली असताना, मला काठावरचे वजन अजिबात नको आहे.

शिवाय, आखूड बेडमुळे तीव्र वळणावर ट्रेलर केबिनला लागू नये म्हणून सरकती (वळताना मागे सरकणारी) हिच घ्यावीच लागेल का? अशाच ट्रकने डोंगराळ भागात ट्रेलर ओढणाऱ्यांनी वजनकाट्यावरचे प्रत्यक्ष आकडे आणि ट्रेलरची लांबी कृपया कळवावी.