ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) खरंच गेलाय का?

चिपळूणकर: २०१४ची पेट्रोल हॅचबॅक. परवाच्या पावसानंतर स्टार्टर फिरतो, पण गाडी सुरू होत नाही. स्कॅनरवर पी०१०७ (हवेच्या दाबाचा सेन्सर) आणि पी०१२२ (थ्रॉटलचा सेन्सर) हे एरर कोड एकदम आलेत. गॅरेजवाले म्हणतात, ईसीएम बदला, ३२ हजार. छातीत धस्सच झालं.

वायरवाले काका: थांबा, खिसा रिकामा करू नका! दोन सेन्सर सहसा एकाच वेळी मरत नाहीत. दोघांना ५ व्होल्ट बहुधा एकाच लाइनवरून जातात. चावी ऑन करून सेन्सरच्या सॉकेटवर मल्टिमीटर लावा. कमी दिसले तर त्या लाइनवरचे सॉकेट एकेक काढत जा; जो काढल्यावर ५ परत येतील, तिथेच शॉर्ट. एसीचा प्रेशर सेन्सर विसरू नका, तो पुढेच असतो, पाणी खातो.

गॅरेज पोऱ्या: आणि जुन्या बाजारातला ईसीएम आणून बसवू नका. इमोबिलायझर (चोरी रोखणारं इलेक्ट्रॉनिक लॉक) चावी ओळखणार नाही.

चिपळूणकर: काका, ०.७ व्होल्ट होते. एसी सेन्सरचा सॉकेट उपटला आणि काटा थेट ५ वर! पिना हिरव्यागार, सेन्सरही आतून शॉर्ट. तो काढून ठेवला, गाडी सुरू. एसी मात्र बंद. घामाघूम, पण चालतंय.