ऊसबिल वर्षातून एकदा, खर्च रोजचा: मेळ कसा घालायचा?

करवीरकाठ: करवीर तालुक्यात दोन एकर ऊस, दोन म्हशी. सोसायटीच्या पीककर्जाची वसुली जाऊन ऊसबिलाचे 1,80,000 हातात येतात. दूधबिल दर दहा दिवसाला, पशुखाद्य कापून 4,500. घरखर्च महिना 24,000. तरी श्रावणापासून उसनवारी सुरू होते. चुकतंय कुठं?

हिशोबवही: दूधबिल धरण्यात चुकतंय. 4,500 हा म्हशी भरात असतानाचा आकडा. एक आटली की बिल खाली येतं, वैरण-पेंड मात्र चालूच. वर्षाची सगळी 36 बिलं पासबुकातनं काढा, बेरीज करून 12 नं भागा. समजा महिना 11,000 आले.

आता ऊस. पुढच्या हंगामाची खतं, भांगलण (तण काढणं), पाणीपट्टी यांचे 48,000 आधी बाजूला काढा. उरले 1,32,000, म्हणजे महिना 11,000. दोन्ही मिळून तुमचा पगार 22,000 आणि खर्च 24,000. दर महिन्याला 2,000 कमी पडतात, पण बिल नुकतंच जमा झालेलं असतं तोवर ते जाणवत नाही. नकळत खताचे पैसे घरात खर्च होतात आणि पावसाळ्यात खत दुकानातनं उधारीवर येतं, तेही चढ्या दरानं.

म्हणून खताची रक्कम वेगळ्या खात्यात टाका आणि त्या खात्याचं एटीएम कार्ड घेऊच नका. घरखर्चाचे 33,000 बचत खात्यात ठेवा, बाकीच्या पैशांच्या प्रत्येकी 33,000 च्या तीन ठेवी करा: 3, 6 आणि 9 महिन्यांच्या. एक संपत आली की दुसरी सुटते.

पंचगंगा_77: या ठेवी बँकेतच करा. तिथं व्याजासह 5 लाखांपर्यंत ठेव विमा आहे, पतसंस्थेच्या ठेवीला तो नाही. थोड्या जादा व्याजापायी वर्षाचा घरखर्च अडकवू नये. आणि 24,000 मध्ये जूनची फी, विम्याचा हप्ता, गणपती-दिवाळी धरलीय का?

करवीरकाठ: नाही धरली. ते वेगळे 30,000 होतात. यंदा सगळ्या रानात आडसाली (पावसाळ्यात लावून साधारण दीड वर्षानं तुटणारा ऊस) करून उत्पन्न वाढवायचा विचार आहे.

पंचगंगा_77: मग त्या 30,000 मुळं महिना 2,500 आणखी कमी पडणार, एकूण 4,500.

हिशोबवही: सगळं रान आडसालीत घालू नका दादा. फेब्रुवारीत ऊस तुटला, जुलैत लागण केली, तर तो पुढच्या वर्षी डिसेंबरच्या आसपास तुटणार. दोन बिलांत जवळपास 22 महिने जातात. तेच 1,32,000 तेवढ्या महिन्यांवर पसरले तर महिन्याला 6,000 च येतात. टनेज वाढेल, पण मधल्या काळात घर कशावर चालवणार? एक एकर आडसाली करा, दुसऱ्या एकरात खोडवा (तुटलेल्या उसाच्या बुडख्यातनं फुटणारं पीक) ठेवा, म्हणजे दरवर्षी काहीतरी बिल हातात पडेल. ऊस गेल्यापासून 14 दिवसांत एफआरपी (सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर) जमा करायचा नियम आहे, तरी हिशोबात एक महिना जादा धरा. त्या तारखेच्या भरवशावर कुणाला पैसे द्यायचा शब्द देऊ नका.