जॉर्जियाची मातीच्या रांजणातली वाईन: पर्यटक तिला तारणार की बुडवणार?

मृण्मयी (धागाकर्ती)

सध्या आपल्याकडच्या टूरवाल्यांच्या जाहिरातींत जॉर्जिया फार दिसतोय. राजधानी तिबिलिसी, काझबेगीचा बर्फ आणि एक दिवस ‘काखेती वाईन टूर’. काखेती म्हणजे तिथला पूर्वेकडचा वाईनचा प्रदेश. या एका दिवसाबद्दलच धागा काढतेय. माझं मत स्पष्ट आहे: या पद्धतीचं वाईन पर्यटन तिथल्या परंपरेच्या मुळावर उठलंय आणि आपण त्यात भर घालू नये.

तिबिलिसीच्या दक्षिणेला गादाच्रिली गोरा आणि शुलावेरी गोरा इथल्या उत्खननात मिळालेल्या खापरांत द्राक्षाच्या वाईनचे अंश सापडले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या संशोधनानुसार काळ येतो सुमारे इ. स. पू. ६०००. आज तिथे वापरतात तो रांजण म्हणजे क्वेव्री. अंड्याच्या आकाराचा, बुडाशी निमुळता, आतून मधमाशीचं मेण लावलेला आणि गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला. काखेतीत द्राक्षं तुडवून रस, साली, बिया, देठं असं सगळंच आत जातं. आंबताना वर येणारा सालींचा थर दिवसातून काही वेळा काठीने खाली ढकलायचा, मग तोंड बंद करून पाच-सहा महिने हात लावायचा नाही. पांढऱ्या द्राक्षांची वाईनसुद्धा त्यामुळे मधासारख्या रंगाची आणि चांगली तुरट होते. २०१३ मध्ये युनेस्कोने ही पद्धत अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली.

आता सहल बघा. सकाळी बस निघते, वाटेत भट्टीतला पाव, बोद्बेचा मठ, सिघनाघी या छोट्या शहराचे फोटो, आणि मध्ये दोन-तीन मोठ्या वायनऱ्या. तिथे फरशीतून वर आलेलं क्वेव्रीचं तोंड दाखवतात आणि ग्लासात बहुतेक वेळा स्टीलच्या टाकीतली वाईन ओततात. जॉर्जियात आज होणारी बहुतांश वाईन टाकीतलीच असते, पण पाहुण्याला हे कोणी सांगत नाही. तेलावीजवळच्या वार्दिसुबानी गावात क्वेव्री घडवणारे कुंभार आहेत. मातीच्या वळ्या एकावर एक चढवत, खालचा थर सुकेपर्यंत थांबत, एक मोठा रांजण उभा करायला आठवडे जातात, मग लाकडाच्या भट्टीत कित्येक दिवसांची भाजणी. अशी घराणी मोजकीच उरलीत. त्यांच्या दारात किती बसगाड्या थांबतात?

खुला_रस्ता

साफ असहमत. परंपरा पर्यटकांमुळे मरत नाही, गिऱ्हाईक नसल्यामुळे मरते, आणि जॉर्जियाने हे दोनदा भोगलंय.

सोव्हिएत काळात कारखान्यांना भरपूर माल हवा होता, म्हणून सापेरावी आणि रकात्सितेलीसारख्या मोजक्या जातींवर भर दिला गेला. जॉर्जियाच्या स्वतःच्या द्राक्षजाती पाचशेच्या वर आहेत, त्यातल्या कितीतरी मागे पडल्या. पुढे १९८५ मध्ये गोर्बाचेव्ह यांची दारूविरोधी मोहीम आली आणि उभ्या बागा उपटल्या गेल्या. दुसरा फटका २००६ चा. रशियाने जॉर्जियन वाईनवर बंदी घातली आणि निर्यातीचा फार मोठा हिस्सा एका फटक्यात बंद पडला. ती बंदी उठली २०१३ मध्ये. मधल्या वर्षांत या लोकांना नवीन गिऱ्हाईक शोधणं भाग होतं, आणि त्यांना जे मिळालं ते क्वेव्रीच्या वेगळेपणामुळेच मिळालं. इटलीचा वाईन बनवणारा योस्को ग्राव्हनर २००० साली जॉर्जियात जाऊन आला आणि पुढच्या वर्षापासून त्याने स्वतःची वाईन क्वेव्रीत घालायला सुरुवात केली. सिघनाघीतली ‘फेझंट्स टीअर्स’ ही वायनरी २००७ मध्ये एक अमेरिकन चित्रकार आणि एक स्थानिक वाईनवाला यांनी मिळून काढली. बाहेरच्यांनी किंमत ओळखली म्हणून घरच्यांनी टिकवलं. तुमच्या त्या कुंभाराकडे ऑर्डर येते ती याच वाटेने.

बसमधल्या वीसातल्या एकाने जरी घरी जाऊन क्वेव्रीची बाटली शोधली तरी बस कामाची.

निफाडचा_बागायतदार

मी द्राक्षवाला आहे, म्हणून बोलतो. तुम्ही दोघेही पर्यटकाकडे बघताय. मला विचाराल तर बघायला हवं मळा कोणाचा आणि तळघर कोणाचं याकडे.

आमच्याकडे नाशकात वाईन पर्यटन चांगलं चाललंय. शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगा असतात. पण खरड छाटणी, गोडी छाटणी, फवारण्या, अवकाळीची धास्ती हे सगळं शेतकऱ्याच्या अंगावर, आणि टेस्टिंग रूमचा गल्ला वायनरीचा. कराराने द्राक्ष घालणाऱ्याला ठरलेला भाव मिळतो, पर्यटकाच्या खिशातलं त्याच्यापर्यंत काही येत नाही. शिवाय आमच्या वाईनच्या जाती शिराझ, कॅबरने, शेनिन ब्लांक, सगळ्या बाहेरून आणलेल्या.

काखेतीत गोष्ट वेगळी आहे. तिथे गावातल्या घराला स्वतःची मरानी असते, म्हणजे वाईनचं तळघर. मळा त्याचा, क्वेव्री त्याचं, बाटलीही त्याची. अशा घरी पर्यटक गेला तर पैसा थेट पिकवणाऱ्याच्या हातात पडतो. जगात फार कमी शेतकऱ्यांना ही सोय आहे. मोठ्या वायनऱ्यांनी ती गिळली तर काखेतीचा शेतकरी आमच्यासारखाच नुसता द्राक्ष घालणारा होईल. मला भीती त्याची वाटते, बसची नाही.

मृण्मयी

काका, हेच तर मला म्हणायचं होतं, तुम्ही नेमकं सांगितलंत. बस मोठ्या वायनरीतच का थांबते? कारण तिथे पार्किंग आहे, पन्नास माणसांचं जेवण आहे. घरच्या मरानीत आठ माणसं मावतात. खुला_रस्ता, तुमची ‘वीसातला एक’ बाटली शोधेलही, पण सहलीचे पैसे वीसही जण मोठ्या वायनरीतच टाकून येतात. लहान गटाने, आधी विचारून, घरगुती मरानीत जावं, एवढंच म्हणणं आहे.

तिबिलिसीत_शिकतेय

मी इथे मेडिकलला आहे. ताई, घरगुती मरानीचा आग्रह मला तितकासा पटत नाही.

इथे पाहुणा देवाने धाडलेला मानतात. त्याला घरी जेवायला बसवतात त्या पंगतीला सुप्रा म्हणतात. तामादा, म्हणजे पंगतीचा प्रमुख, एकेक विषय घेऊन बोलतो: शांतता, गेलेली माणसं, मुलं, पाहुण्यांचा देश. त्याचं बोलून झाल्याशिवाय घोट घ्यायचा नाही. मैत्रिणीच्या गावी रत्वेलीला, म्हणजे द्राक्षतोडणीला गेले होते. दिवसभर ओळीत वाकून घड कापले, संध्याकाळी हात चिकट झालेले, आणि तिच्या आजोबांनी पंगतीत माझ्या आईवडिलांचं नाव घेऊन ग्लास उचलला. मी पीत नाही, द्राक्षाचा रस घेतला, कोणी आग्रह केला नाही.

हेच गेस्टहाउसमध्ये दर माणशी पैसे घेऊन होताना पाहिलंय. दिवसाला दोन गट, तीच वाक्यं, मृतांच्या आठवणीचं बोलणं चालू असताना आपल्याकडच्या एका गटाने मोबाईलवर गाणी लावली. यजमान हसत राहिला. तो गट मोठ्या वायनरीत गेला असता तर बरं झालं असतं. तिथे सगळे पगारी आहेत, कोणाच्या आजोबांचा अपमान होत नाही. घर दुकान होण्यापेक्षा दुकानच दुकान राहू दे.

आजोळ

एक विचारू? वारसा वारसा करताना दारू ही दारूच आहे हे आपण सगळे विसरलोय. ज्या घरात कोणी पिऊन संसार उधळलाय, तिथे हे कौतुक ऐकवत नाही. देश बघायला जा, किल्ले-मठ बघा.

खुला_रस्ता

आजोळ, तुमचं दुःख खरं आहे आणि कोणी प्यावंच असं इथे कोणी म्हणत नाही. पण जॉर्जियात मठ आणि वाईन वेगळे काढता येत नाहीत. तिथे ख्रिस्ती धर्म आणणाऱ्या संत निनोचा क्रॉस द्राक्षवेलीच्या फांद्यांचा, तिच्याच केसांनी बांधलेला, असं ते मानतात. अलावेर्दीच्या मठात आजही साधू क्वेव्रीत वाईन घालतात. न पिताही हे बघता येतं.

तिबिलिसीत_शिकतेय, तुझा मुद्दा लागला. तरी एक सांगतो. आज पुन्हा जॉर्जियातून निर्यात होणाऱ्या वाईनपैकी निम्म्याहून अधिक रशियाला जाते. २००६ सारखं उद्या झालं तर घरची मरानी कशावर उभी राहणार? दाराशी येऊन बाटली नेणारा पर्यटक कुठल्याही एका सरकारच्या हुकमावर अवलंबून नसतो. त्याला दारातच अडवू नका.

निफाडचा_बागायतदार

पोरी, गाणी लावणारे आमच्याकडेही येतात. आम्ही मळ्यात शिरण्याआधीच नियम सांगतो, न पटणाऱ्याला परत पाठवतो, त्यामुळे धंदा बुडालेला नाही. काखेतीवाल्यांनी जेवणाची पंगत विकू नये, वाईन विकावी. तळघर दाखवावं, क्वेव्री उघडून चव द्यावी, बाटली बांधून द्यावी. पंगत घरच्यांसाठी राखावी.

तिबिलिसीत_शिकतेय

काका, हे चालेल. पण इथे पाहुणा तळघरात आला आणि त्याला जेवायला न बसवता पाठवलं, तर मैत्रिणीचे आजोबा रात्रभर झोपणार नाहीत.