तुमची पहिली मुंबई कुणी दाखवली?

जास्वंद_मंगळवारपेठ
काल रात्री भाच्याला इथं कोल्हापुरात महालक्ष्मी एक्सप्रेसला बसवून आले. कॉलेजची पोरं मिळून शनिवार-रविवार मुंबई बघायला निघालीत, रविवारी रात्रीच्या गाडीनं परत. कुठं किती वेळ थांबायचं हे सगळं मोबाईलमध्ये लिहून घेतलेलं. गाडी हलली आणि मला आबा आठवले.

आबा गवंडीकाम करायचे. मला पहिल्यांदा मुंबईला नेलं तेव्हा सीएसएमटी स्टेशनला व्हीटीच म्हणत. उतरल्या उतरल्या मला चहा हवा होता. आबा म्हणाले, आधी इमारत बघ, मग चहा. रस्ता ओलांडून पलीकडं महापालिकेच्या बाजूला उभं केलं आणि एकेक दाखवत सुटले. फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. कमानीच्या कोपऱ्यात मोर, माकडं, खारी. एका खांबाच्या माथ्यावरची पानं दाखवून म्हणाले, "दगडाला पालवी फुटलीय बघ. छिन्नी जरा जास्त बसली असती तर पान गेलं असतं, मग आख्खा दगड बदला." लोक धक्के मारून जात होते आणि आबा हात वर करून उभे. इमारत १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षं चालली होती, स्टीव्हन्स नावाचा वास्तुकार, आणि नक्षीकामात जेजे कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात, हे मी फार नंतर वाचलं. २००४ ला जागतिक वारसा झाली तेव्हा आबा होते. पेपर घडी घालून ट्रंकेत ठेवला त्यांनी.

नंतर गेटवे, राणीची बाग, म्हातारीचा बूट सगळं झालं, पण माझी मुंबई म्हणजे ते दगडाचं पान. तुम्हाला कुणी दाखवली पहिली मुंबई? काय दाखवलं? भाचा उद्या संध्याकाळपर्यंत तिथंच आहे, त्याच्यासाठी काही सुचलं तर तेही लिहा.

आजऱ्याचा_पाव्हणा
चुलत्यानी. लालबागला गिरणीत होते. आमच्याकडं आजरा, चंदगड, भुदरगड सगळीकडं घरटी एक माणूस गिरणीत. गावाची खोली होती चाळीत, पाळीपाळीनं झोपायचे लोक, एकाची रात्रपाळी तर दुसऱ्याची वळकटी. मी सुट्टीत गेलो की मला कॉटखाली जागा. रविवारी आण्णा धुतलेला पांढरा शर्ट घालून मला डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर, सगळ्यात पुढच्या सीटवर बसवायचे. झाडांच्या फांद्या काचेला घासत जायच्या. गेटवेला उतरून शेंगदाण्याची पुडी, कबुतरं, आणि मग आण्णा बोट दाखवून सांगायचे की शेवटचे गोरे सोल्जर याच कमानीतून बोटीवर चढले, २८ फेब्रुवारी १९४८. तारखेसकट. चौथी शिकलेला माणूस.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, त्यानंतर आण्णा गावी आले ते कायमचे. आता त्या चाळीच्या जागी टॉवर आहे. मी गेलो की लालबागला उतरतोच, काही बघायला नाही तरी.

करवीर_माहेर
आण्णांचं वाचून गलबलून आलं. माझे मामा पण खटाव मिलला होते.

पंचगंगा_घाट
डबलडेकर म्हणालात तर, जुन्या डिझेलच्या २०२३ मध्ये बंद झाल्या. आता विजेवरच्या एसी डबलडेकर आहेत. भाच्याला सांगा, सीएसएमटीहून नरीमन पॉइंटकडं जाणारी पकड आणि वर पुढं बस.

मिरची_कांडप
मुंबईत खायचे हाल होतात हो आपले. मिसळ गोड, कट मागितला तर बघत राहतात. दादरला आस्वादची चांगली आहे पण ती त्यांच्या पद्धतीची. साबुदाणा वडा मात्र प्रकाशकडचाच, शिवाजी पार्कजवळ. इथं मान्य करते.

पंचगंगा_घाट
ताई, दोन दिवस रस्सा नाही मिळाला तर काय होतंय 😄 वडापाव खावा की मस्त.

मिरची_कांडप
आमच्या ह्यांना होतंय! चटणीची बाटली बॅगेत असतेच.

करवीर_माहेर
आईनं दाखवली मला. आई म्हणायची, अंबाबाईच्या गावची माणसं आपण, मुंबईत पाय ठेवला की आधी महालक्ष्मी. तिथं महालक्ष्मी, महाकाली, महासरस्वती तिघी शेजारी शेजारी, आपल्याकडंही तिघी आहेत, त्यामुळं आईला अगदी घरच्यासारखं. तिथली कथा अशी सांगतात की वरळी आणि ब्रीच कँडी जोडणारा बांध बांधताना भिंत सारखी ढासळायची, मग रामजी शिवजी प्रभू नावाच्या अभियंत्याच्या स्वप्नात देवी आली, मूर्ती समुद्रात सापडल्या आणि मग बांध टिकला. अठराव्या शतकातली गोष्ट. देवळाच्या मागं गेलात की खाली खडक आणि लाटा. आईनं तिथंच आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघितला, पदर डोक्यावरून घेतला आणि नमस्कार केला. पुढं हाजी अलीपण चालत जाण्यासारखं, फक्त भरतीच्या वेळी वाट पाण्याखाली जाते, तेवढी वेळ बघून जा.

शाहूपुरी_तिसरीगल्ली
कुणी उद्या मुंबईहून येणार आहे का? बाबांचं एक औषध इथं मिळेना, परळला मिळतंय म्हणतात.

जास्वंद_मंगळवारपेठ
भाचा येतोय उद्या रात्रीच्या गाडीनं. मेसेज करा, नंबर देते.

बिंदू_चौक
एक वेगळी यादी देतो, पोरांना कुणी सांगत नाही म्हणून.
राजर्षी शाहू महाराज गेले ते मुंबईत, ६ मे १९२२, गिरगावात खेतवाडीच्या पन्हाळा लॉजवर. आपल्या राजानं शेवटचा श्वास घेतला तो भाग कोल्हापूरच्या माणसानं एकदा चालून यावा. परळची बीआयटी चाळ, जिथं डॉ. आंबेडकर बरीच वर्षं राहिले. शाहू महाराज आणि आंबेडकर एकत्र आले ती माणगावची परिषद मार्च १९२० ची, त्या दोघांचं नातं माहीत असलं की ती चाळ बघताना डोळे भरून येतात. मग दादरला चैत्यभूमी. आणि फोर्टात हुतात्मा चौक, संयुक्त महाराष्ट्रासाठी गेलेल्यांचा. मला वडिलांनी चपला काढायला लावल्या होत्या तिथं, फूटपाथवर. वडील सीमाभागातल्या निपाणीचे. त्यापुढं सांगायला नको.

आजऱ्याचा_पाव्हणा
🙏 निपाणी म्हटलं की कळलं.

गूळ_शेंगदाणे
राणीच्या बागेत पेंग्विन आहेत. आमच्या चिमीनं त्या काचेपुढून हलायचं नाव घेतलं नाही. बुधवारी बंद असते बाग, शेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालयही बुधवारीच. संग्रहालयाच्या आवारात दगडी हत्ती आहे तो घारापुरीचा, ज्याच्यामुळं त्या बेटाला एलिफंटा नाव पडलं तोच.

डोंगरवाट_पन्हाळा
घारापुरी निघालीच आहे तर. मला दाखवली माझ्या इतिहासाच्या सरांनी, शाळेची सहल. गेटवेवरून बोटीनं तासभर, मग साधारण १२० पायऱ्या. सरांनी आत शिरताच कुणाला बोलू दिलं नाही. बाहेरच्या उन्हातून आत गेलं की आधी फक्त खांब दिसतात. जरा थांबलं की समोरच्या अंधारातून चेहरा पुढं यायला लागतो, आधी नाक आणि ओठ, मग मुकुट. वीसेक फूट उंच सदाशिव. मधला चेहरा डोळे मिटलेला, खालचा ओठ जाड, भरीव. तुमच्या डाव्या हाताचा रागीट, कपाळाला आठ्या, हातात साप. उजव्या हाताचा कोवळा, कमळ धरलेला. सरांनी आम्हाला आधी डाव्या बाजूला उभं केलं, मग उजव्या, मग मध्ये. तोच दगड आणि तीन वेळा वेगळा देव. सगळं बसाल्टात वरून खाली कोरत आणलेलं, सहाव्या शतकाच्या आसपासचं. पोर्तुगीजांच्या काळात कितीतरी हातपाय फुटले, पण सदाशिव बराच शाबूत राहिला, ही आपल्या सगळ्यांची पुण्याई.

परत आल्यावर सरांनी वाळकेश्वरला बाणगंगेवर नेलं. तो तलाव इ.स. ११२७ चा, शिलाहारांच्या काळातला. म्हणाले, पन्हाळा बांधणारेही शिलाहारच, त्यांची एक शाखा आपल्याकडं, एक उत्तर कोकणात. पन्हाळ्याचं पोरगं मी, छाती फुगली होती.

सोमवारी लेणी बंद. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटीही बंद. लाइफ जॅकेट मागून घ्यायचंच. संकोच करायचा नाही.

जास्वंद_मंगळवारपेठ
हे तसंच्या तसं भाच्याला पाठवलं. त्याच्या यादीत घारापुरी नव्हतीच, मॉल होता. उद्या सकाळच्या पहिल्या बोटीनं जातोय म्हणे सगळे.

गूळ_शेंगदाणे
पिशवी सांभाळा म्हणावं, माकडं हातातलं ओढतात. कणीस तर अजिबात धरू नका हातात.

रंकाळा_संध्या
उशिरा लिहिते, पोरं आत्ता झोपली. मला ह्यांनी दाखवली, लग्नानंतर. नोकरी तिकडंच होती त्यांची. मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसवून विचारलं, रंकाळ्यापेक्षा मोठं आहे का? मी म्हटलं आहे, पण आपल्या रंकाळ्याला पलीकडचा काठ दिसतो, तो बरा. ते जाऊन काही वर्षं झाली. त्यानंतर मुंबईला गेले, पण त्या कट्ट्याकडं नाही. तारापोरवाला मत्स्यालयही तिथंच होतं, हल्ली बंद आहे. थोरला म्हणतोय यंदा आपण जाऊ. जाईन वाटतंय.

करवीर_माहेर
जा गं, नक्की जा. पोरांना तो कट्टा दाखव. मी येते हवं तर, खरंच सांगते.

बिंदू_चौक
ताई, जाऊन या. संध्याकाळी पाच-साडेपाचला पोचा, सूर्य समोर बुडतो.

रंकाळा_संध्या
दिवाळीनंतर बघते. करवीर_माहेर, मेसेज करते तुम्हाला.

शाहूपुरी_तिसरीगल्ली
जास्वंदताई, औषधाचं झालं. माझी आत्तेबहीण परळलाच केईएमजवळ राहते, ती उद्या सीएसएमटीला भाच्याच्या हातात आणून देते. फार उपकार झाले.

जास्वंद_मंगळवारपेठ
उपकार कसले. सोमवारी सकाळी स्टेशनवर न्यायला मीच आहे, तुम्ही पुलाच्या बाजूला थांबा.

मिरची_कांडप
भाचा एवढं आणतोय तर ससून डॉकला पहाटे गेला तर सुके बोंबील मिळतील का विचारा ना. आपल्या बाजारातल्यात नुसतं मीठ.

पंचगंगा_घाट
ससून डॉकला पहाटे ताजी मासळी असते ताई, बोटी तिथंच लागतात, लिलाव बघण्यासारखा. सुकं पाहिजे तर मार्केटातनं घ्यावं लागेल. आणि रात्रभर गाडीत बोंबलाचा वास, डब्यातली माणसं मिरजेलाच उतरवतील पोराला 😄

मिरची_कांडप
तीन पिशव्यांत घट्ट बांधलं तर?