ग्लुटेनविरहित वॉफल आतून चिकट होते, मदत हवी आहे

माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला गेल्या वर्षी सीलिअ‍ॅक आजाराचे (यात ग्लुटेन, म्हणजे गव्हासारख्या धान्यांतले प्रथिन, लहान आतड्याला इजा करते) निदान झाले आणि रक्ततपासणीपाठोपाठ लहान आतड्याची बायोप्सी झाल्यावर डॉक्टरांनी गहू, जव आणि राय ही तिन्ही धान्ये तिच्या आहारातून कायमची बंद केली. पोळीच्या जागी ज्वारीची भाकरी आली, शिऱ्याला तांदळाचा रवा आला, आणि बाजारातल्या बहुतेक बांधानी हिंगात गव्हाचे पीठ मिसळलेले असते हे कळल्यावर फोडणीचा हिंगही बदलला. हे सारे तिने समजूतदारपणे स्वीकारले. वॉफलची आठवण मात्र ती अजून काढते, कारण दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही पुण्यात बाहेर वॉफल खायला जात असू.

आता बाहेर नेण्याचा प्रश्नच उरलेला नाही. एका दुकानात आमच्यासाठी वेगळे पीठ कालवून देण्याची तयारी दाखवली गेली, पण साचा तोच होता आणि त्याच्या खाचांत आधीच्या मैद्याचे कण स्पष्ट दिसत होते. आपल्याकडे ‘ग्लुटेनविरहित’ म्हणून विकायच्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. ही मर्यादा पाहिली की एवढेसे कणही किती महत्त्वाचे आहेत ते लक्षात येते. म्हणून तिच्यासाठी नवा वॉफल मेकर घेतला आहे. गिरणीत आपले दळण गव्हापाठोपाठ पडण्याची भीती असते, त्यामुळे घरघंटीही घेतली असून तिच्यात गहू कधीच दळत नाही.

माझी सध्याची कृती अशी आहे. आंबेमोहोराची पिठी २०० ग्रॅम (गणपतीत मोदकांसाठी दळते तीच), दोन अंडी, २५० मिली दूध, ५० ग्रॅम वितळवलेले लोणी, दोन चमचे साखर, चिमूटभर मीठ आणि दीड चमचा बेकिंग पावडर. सर्व एकत्र फेटून लगेच साच्यात ओतते आणि चार मिनिटांनी काढते. सगळ्यांना एकदम वाढता यावे म्हणून झालेली वॉफल डब्यात एकावर एक ठेवून झाकते. बाहेरून रंग सुरेख येतो, पण आतला भाग मोदकाच्या उकडीसारखा चिकट राहतो आणि पाच मिनिटांत सगळे वॉफल वातड होते. निम्मी नाचणी घालून पाहिली, तेव्हा चव खमंग आली, परंतु दाताखाली खरखर लागली आणि झाकण उघडताना वॉफल मधोमध फाटून अर्धे वरच्या बाजूला चिकटले.

कोणत्या पिठांचे कोणते प्रमाण घ्यावे, इसबगोल किंवा झँथन गम (पीठ बांधून ठेवणारी पावडर) घालणे आवश्यक आहे का, आणि सासूबाई अंडे खात नसल्यामुळे त्यांनाही चालेल असा एखादा प्रकार आहे का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

प्रतिसाद

ताई, माझ्या पत्नीलाही हाच आजार आहे आणि आमच्याकडे तिच्यासाठी बरीच वर्षे वॉफल होतात. आपण कृती तपशीलवार दिली, त्यामुळे दोष शोधणे सोपे झाले. पहिला दोष तांदळाचा आहे. आंबेमोहोर आणि इंद्रायणी शिजल्यावर चिकट होतात, आणि मोदकाची पारी न फाटता वळली जाते ती याच गुणामुळे. वॉफलला तोच गुण मारक ठरतो. कोलमसारखा मोकळा शिजणारा तांदूळ धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून, बारीक दळून घ्यावा.

माझे प्रमाण असे: कोलमची पिठी १०० ग्रॅम, ज्वारीचे पीठ ५० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर ५० ग्रॅम आणि एक लहान चमचा इसबगोलाचा भुसा. झँथन गमची गरज मला कधी भासली नाही. गव्हाच्या पिठात ग्लुटेनची जाळी वाफ धरून ठेवते आणि वॉफलला आकार देते. इथे ते काम थोडे इसबगोल व थोडे अंडे करते. या पिठात दोन अंड्यांचे बलक, २५० मिली दूध आणि लोण्याऐवजी ६० मिली तेल घालावे, कारण लोण्यात पाण्याचा अंश असतो आणि तेलाने कड अधिक कुरकुरीत होते. मिश्रण अर्धा तास झाकून ठेवावे. तांदूळ-ज्वारीचे कण पाणी सावकाश शोषतात, आणि खरखर लागते ती नेमकी ही विश्रांती न दिल्यामुळे. साच्यात घालायच्या वेळीच दोन लहान चमचे बेकिंग पावडर मिसळावी आणि शेवटी अंड्यांचा पांढरा भाग घट्ट फेटून हलक्या हाताने घालावा.

साच्यातून वाफ येणे थांबेपर्यंत झाकण उघडू नये, मग सहा मिनिटे लागली तरी चालतील. आणि झालेले वॉफल डब्यात झाकून ठेवणे आजपासून बंद करावे. आपलीच वाफ पिऊन ते वातड होते. जाळीवर सुटे ठेवावे, म्हणजे खालूनही हवा लागते.

सासूबाईंसाठी आंबोळीचे पीठ वापरावे. तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद डाळ, थोडी मेथी, रात्रभर आंबवून, त्यात दोन चमचे तेल घालून साच्यात ओतावे. उडदाचा बुळबुळीतपणा हवा धरून ठेवतो, त्यामुळे अंड्याची उणीव जाणवत नाही. हे वॉफल खोबऱ्याच्या चटणीबरोबर फार छान लागते.

धागाकर्तीचे उत्तर

आपले मनापासून आभार. या रविवारी कोलमची पिठी वापरून आपल्या प्रमाणाने केले. पहिले वॉफल घाईने उघडले म्हणून फाटले, पण वाफ थांबण्याची वाट पाहिल्यावर पुढची पाचही अखंड सुटली आणि शेवटचे खाईपर्यंत कडा कुरकुरीत होत्या. मुलीने गूळ आणि केळ्याबरोबर तीन खाल्ली. आंबोळीच्या पिठाचा प्रयोग सासूबाईंनी पुढच्या आठवड्यासाठी स्वतःकडे घेतला असून डाळ-तांदूळ त्याच भिजत घालणार आहेत. आता एकच विचारायचे आहे: ही वॉफल करून फ्रीझरमध्ये ठेवली आणि सकाळी टोस्टरमध्ये गरम केली, तर शाळेच्या डब्यात मधल्या सुट्टीपर्यंत टिकतील का?