काम सोपवताना अधिकारही सोपवा

ज्युनिअरला काम सोपवायचा विषय निघाला, की ‘समजावण्यात वेळ घालवण्यापेक्षा मीच करून टाकतो’ असं म्हणणारे भेटतात. एका महिन्यापुरतं ते खरंच आहे. पण जीएसटीचं काम दर महिन्याला येतं, तेव्हा हा हिशेब वर्षाचा धरायला हवा.

नागपुरात आमचं अकाउंट्सचं ऑफिस आहे, बरेचसे पक्षकार गांधीबागेतले कापडवाले. ज्युनिअरला नुसत्या एन्ट्र्या मारायला दिल्या, की तो समोर येईल ते टाइप करतो. तेच एका दुकानाचं पूर्ण जीएसटीआर-१ (महिन्याच्या विक्रीचं जीएसटी रिटर्न) त्याच्याकडे दिलं, की बिलांच्या गठ्ठ्यात परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट (बिलातून ती रक्कम वजा करणारा कागद) नाही हे त्यालाच दिसतं आणि तोच फोन लावतो, “भाऊ, मागच्या आठवड्यातला माल वापस आला होता ना, त्याची नोट कुठाय?” रिटर्न भरायची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची ११, म्हणून कच्चं रिटर्न ८ तारखेला माझ्या टेबलावर. मधल्या दिवसांत मी डोकावत नाही.

आणखी एक, जे बहुतेक जण विसरतात: पक्षकारालाही सांगा, की आता हे काम हा मुलगा बघतो. नाहीतर फोन तुम्हालाच येत राहतात आणि त्याच्या शब्दाला बाजारात वजनच येत नाही.