चंद्रावरच्या विवरांना ख्रिस्ती संतांची नावं कशी?

सदरकर:
दुर्बीण चार इंची, जागा घराची गच्ची. परवा शुक्ल पंचमीला चंद्रावर एकमेकांना खेटून असलेली तीन मोठी विवरं दिसली. उत्तरेकडच्या विवराचा तळ काळाकुट्ट, पण मधल्या डोंगराचं टोक तेवढं उन्हात लखलखत होतं. तासाभरात बाजूचा आणखी एक शेंडा उजळला. चंद्रावर सूर्य उगवताना बघत होतो मी! नकाशात नावं निघाली थिओफिलस, सिरिलस, कॅथरिना. या संत कॅथरीनच ना? आमच्या घरामागच्या चर्चमध्ये त्यांचं नाव ऐकलंय. चंद्रावर संत कुणी बसवले आणि तिघं शेजारी-शेजारी कशी?

फुटाळा_नभ:
हो, त्याच. जिओव्हानी रिचिओली या इटालियन जेझुइट (कॅथलिक चर्चमधला एक संघ) पाद्र्यांनी १६५१ च्या 'अल्माजेस्टम नोव्हम' या ग्रंथात चंद्राचं बारसं केलं. नकाशा काढला त्यांचे सहकारी ग्रिमाल्डी यांनी, तेही जेझुइट. तिघं शेजारी, कारण तिघंही इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचे. थिओफिलस आणि सिरिल हे मामा-भाचे, एकापाठोपाठ तिथले बिशप. कॅथरीननं पन्नास तत्त्वज्ञांना वादात हरवल्याची कथा आहे.

थोडं उत्तरेला सरकलात तर हायपेशिया नावाचं लहान विवर आहे. ही अलेक्झांड्रियाचीच गणिती. सिरिल बिशप असताना, ४१५ मध्ये, ख्रिस्ती जमावानं तिचा खून केला. सिरिल आणि हायपेशियाला एकाच नजरेत पाहताना माझ्या पोटात तुटतं.

सदरकर:
हे माहीतच नव्हतं. पण बिशप लोकांचा चंद्राशी संबंध काय? नुसता मान म्हणून नाव दिलं का?

मोहननगरची_मेरी:
संबंध अगदी जवळचा आहे, भाऊ. ईस्टर चंद्रावरच ठरतो. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पौर्णिमा धरायची, तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. ही पौर्णिमा गणितानं काढलेली असते, आपल्या पंचांगासारखी. थिओफिलस आणि सिरिल दोघांनीही पुढच्या कित्येक वर्षांच्या ईस्टरची कोष्टकं तयार केली होती. वर्षाची लांबी किंचित चुकीची धरल्यामुळे शतकानुशतकं तारखा सरकत गेल्या. म्हणून १५८२ मध्ये कॅलेंडर दुरुस्त करताना ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आला. त्या दुरुस्तीचं गणित समजावून जगापुढे मांडणारे क्लाव्हियस, तेही जेझुइट आणि तेही चंद्रावर! आमच्याकडे गुड फ्रायडेच्या रात्री चंद्र जवळजवळ भरलेला का असतो, ते मला शाळेत कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

सदरकर:
मेरीताई, मनापासून आभार. क्लाव्हियस कधी दिसेल?

फुटाळा_नभ:
अष्टमी-नवमीला, दक्षिण टोकाकडे. सव्वादोनशे किलोमीटरचं विवर आहे, आत लहान विवरांची कमानीसारखी रांग, मोठीपासून छोटीपर्यंत. चंद्र डोक्यावर असतानाच बघा, खाली आला की शहराच्या धुरात थरथरतो. रिचिओली आणि ग्रिमाल्डी यांच्या नावाची विवरं मात्र पश्चिम कडेला आहेत, त्यांच्यासाठी पौर्णिमेच्या एक-दोन दिवस आधीपर्यंत थांबावं लागेल.